कंडम भिंतीचं शेवटचं बिल

माझ्या बाबांचं बिल एका शब्दापायी दीड वर्ष अडलं, आणि तो शब्द माझा होता. सरकारला बोल लावायला मी आजवर मागे राहिले नाही, इथेही राहणार नाही. पण हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, ही बाई स्वतःला सोडून बाकी सगळ्या जगाचा हिशेब मांडते आहे.

बाबा गवंडी. मालवणकडचे. लालबागच्या आमच्या चाळीत मजल्यावरचे सगळे बापये गिरणीत. भोंगा झाला की जिना धडधडायचा. बाबा तेवढे ओळंबा आणि थापी पिशवीत टाकून उलट्या दिशेला चालू लागायचे. वीस-बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या नावावर भिंती बांधल्या. ट्राममधून जाताना ते बोट दाखवायचे, "ही माझी. ती माझी. त्या कोपऱ्यावरची अर्धी माझी." मी लहानपणी पाटी वाचायचे आणि म्हणायचे, बाबा, इथे तर दुसऱ्याचंच नाव आहे. ते म्हणायचे, "पाटी रंगाऱ्यान लिवल्यान. भिंत मी बांधलंय."

मग त्यांनी सरकारदरबारी स्वतःचं नाव नोंदवलं, सगळ्यात खालच्या वर्गाचा ठेकेदार म्हणून. पहिलं काम मिळालं ते वरळीला, कोळीवाड्याच्या अलीकडे: सरकारी दवाखान्याची समुद्राकडची दगडी भिंत. काम लहान. पण टेंडरच्या कागदावर बाबांचं नाव होतं आणि ते टाइप केलेलं होतं. आईने तो कागद देवाच्या फोटोमागे ठेवला.

त्या दिवसांत मी मॅट्रिक होऊन एका शाळेत बदलीवर शिकवत होते आणि संध्याकाळी चळवळीचं काम करत होते. पत्रकं लिहीत होते. द्वैभाषिक राज्य आमच्या डोक्यावर बसवलं होतं, माणसं गोळ्यांनी मेली होती, आणि परळच्या एका छापखान्याच्या मागच्या खोलीत आम्ही तिघी-चौघी पिवळ्या कागदावर मजकूर रचत बसायचो. मला त्यात गती होती. पहिल्या ओळीत शत्रू, दुसऱ्या ओळीत जनता, तिसऱ्या ओळीत जाहीर निषेध. खळ लावून भिंतीवर चिकटवलं की माणसं थांबून वाचायची. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला याहून मोठी नशा दुसरी नाही. मला वाटायचं, शब्द ठणकावून लिहिला की काम झालं.

आता सरकारी बिलाची रीत. ज्याने कधी सरकारचं काम केलं नाही त्याने हे ऐकून ठेवावं, म्हणजे पुढे सुखी राहील.

काम चालू असताना ओव्हरसियर येतो, फीत लावतो आणि मापं एका जाड पुस्तकात लिहितो. त्याला माप-पुस्तक म्हणतात. पानांवर आकडे छापलेले. एक पान फाडलं तर नोकरी जाते. त्या पुस्तकात जे आहे ते बांधलेलं, जे नाही ते बांधलेलंच नाही, मग तुमच्या डोळ्यांसमोर भिंत उभी का असेना. मधली बिलं मिळतात त्यांना रनिंग बिल म्हणतात. ती मजुरीत, दगडात, चुन्या-सिमेंटात जातात. शेवटचं बिल वेगळं. त्यात पायापासून माथ्यापर्यंत सगळी मापं पुन्हा मांडायची, ठेकेदाराने त्याखाली सही करायची, मग कारकुनाने दर तपासायचे, हिशेबनिसाने वजावट काढायची, साहेबाने मंजूर करायचं. आमच्या घरचं जे काही होतं ते त्या शेवटच्या बिलात होतं. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की, ते बिल मिटलं की एक दाखला मिळतो: काम समाधानकारक पुरं केलं. त्या दाखल्याशिवाय दुसरं टेंडर भरता येत नाही. म्हणजे बाबा ठेकेदार राहणार की पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली थापी धरणार, हे त्या एका बिलावर ठरणार होतं.

भांडण पायाचं होतं. नकाशात पाया पाच फूट. पाच फुटांवर खणलं तर खाली काळा चिखल, पहार टेकवली की आपोआप आत जायची. ओव्हरसियर काठावर उभा होता. म्हणाला, "मिस्त्री, खडक लागेपर्यंत जाऊ द्या." खडक आठ फुटांवर लागला. बाबा म्हणाले, साहेब, माप लिहून घ्या. तो म्हणाला, "लिहितो हो, पळून जातोय का मी? आधी भरून घ्या, भरती येते आहे." भरती खरोखरच येत होती. बाबांनी दगड भरले, पाया वर आणला. ओव्हरसियरने लिहिलं नाही. पंधरवड्यात त्याची बदली झाली. पळून गेला नाही, सरकारनेच त्याला पोचवला.

नवा ओव्हरसियर आला तो नकाशा घेऊन. जमिनीखालचं त्याला दिसत नव्हतं आणि बघायची हौसही नव्हती. शेवटच्या मापात त्याने पाया पाच फूट लिहिला.

त्या दिवशी शाळेला सुट्टी म्हणून मी बाबांबरोबर गेले होते. दवाखान्याच्या ओसरीवर टेबल टाकून ओव्हरसियर बसला होता. बाबांनी पुस्तकाकडे बोट केलं.

"किती लिवल्यानी गो?"

"पाच."

"पायो आठ फूट आसा."

"असेल," ओव्हरसियर म्हणाला. "मी आलो तेव्हा तो मातीत होता. मान्य नसेल तर सहीपाशी तसं लिहा. लिहायचं आणि सही करायची. अडवलंय कोणी?"

बाबांनी मला बाजूला घेतलं. मोठ्या कंत्राटदारांकडे काम करताना त्यांनी हे पाहिलं होतं. "सहीच्या वर दोन शब्द लिवतत. इंग्लिश. अंडर प्रोटेस. तां लिवला काय पैसे पण गावतत आणि भांडण पण ऱ्हवता."

ते दोन शब्द मला येत होते. स्पेलिंगसकट येत होते. दोन शब्द लिहायचे, बाबांनी सही करायची, आणि आम्ही घरी जायचं. एवढंच होतं.

पण मी चळवळीतली ना! मी म्हटलं, "इंग्रजी कशाला? तुमचं काम, तुमची सही, आणि हरकत घ्यायची ती साहेबाच्या भाषेत? माणसं मेली ती कशासाठी?"

"अगो, पन तेंका समजाक व्हया..."

"समजेल. समजून घ्यायला लावू."

ओव्हरसियर हसला. "लिहा बाई, मराठीत लिहा. मोडीत लिहा. आमचं काय जातंय?"

मी लिहिलं. आजही तोंडपाठ आहे. 'सदर मापे आम्हांस मुळीच मान्य नसून, कष्टकऱ्याच्या घामाचा असा अपमान करणाऱ्या या मोजणीचा आम्ही जाहीर निषेध करीत आहोत.' सरकारी माप-पुस्तकात, दगडकामाच्या घनफुटांखाली, माझं पत्रक. खाली बाबांनी सही केली. त्यांची सही म्हणजे एकेक अक्षर ओळंब्यात लावून बसवलेलं. मी शाई फुंकून वाळवली. येताना मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

एक महिना गेला, दोन गेले. तिसऱ्या महिन्यात बाबा आणि मी कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, कचेरीत गेलो.

तिथे आमचं बिल ज्या कारकुनाकडे होतं तो गिरगावातला. खोताच्या वाडीच्या तोंडाशी राहायचा, तीन पिढ्या कारकुनी. स्वच्छ धोतर, कोट, कानाच्या पाळीला अत्तर. हा माणूस मी ओळखत होते. आमच्या सभांना पुढच्या रांगेत असायचा. मोर्चात घोषणा दिली की याचा आवाज सगळ्यांच्या वर. मला बघून तो उठून उभा राहिला. मला धीर आला. आपला माणूस!

"मिस्त्री, बसा," तो म्हणाला. "तुमची केस जरा नाजूक झालीय."

"नाजूक म्हणजे?" मी विचारलं.

त्याने फाइल उघडली. साहेबांना मराठी येत नव्हतं. म्हणून त्या मजकुराचं भाषांतर करावं लागलं. भाषांतर यानेच केलं होतं, सुंदर वळणदार अक्षरात. आणि त्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं की, ठेकेदार ही मापं पब्लिकली कंडेम करीत आहे.

"कंडेम?" मी म्हटलं.

"निषेध म्हणजे कंडेम. जाहीर म्हणजे पब्लिकली. डिक्शनरी बघून केलंय बाई, मनाचं नाही."

"आणि घाम? कष्टकरी?"

"ते गाळलं. फाइलला शोभत नव्हतं."

"अहो, प्रोटेस्ट लिहायचं होतंत!"

"तुमचा शब्द हरकत असता तर मी प्रोटेस्ट लिहिलं असतं. ठरलेला शब्द आहे, साहेब डोळे मिटून सही करतात. तुम्ही लिहिलंत निषेध." मग त्याने आवाज उतरवला, अगदी वडीलकीने. "बाई, निषेध रस्त्यावर करायचा असतो. कागदावर हरकत घ्यायची असते."

"तुम्ही रोज संध्याकाळी निषेध, निषेध ओरडता. तेव्हा तुमच्या मनात काय असतं? कंडेम?"

"मोर्चात अर्थ कोण विचारतो हो?" तो म्हणाला. आणि खोटं नव्हतं ते.

बाबांनी विचारलं, "साहेब काय म्हणाले?"

साहेबांनी समासात लाल शाईने दोन ओळी लिहिल्या होत्या. कंडेम हा शब्द त्या खात्यात रोजचा. पडकी इमारत कंडेम करतात, फुटका रोलर कंडेम करतात. साहेबांनी 'मापं' हा शब्द वाचला की नाही, देव जाणे. त्यांना 'कंडेम' दिसला. त्यांनी लिहिलं: ठेकेदार स्वतःच कंडेम म्हणत असेल तर काम तपासून घ्यावं. तोवर बिल आणि दाखला दोन्ही थांबवावं.

मी वाचून दाखवलं. बाबांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "भिंत कंडम? माझी भिंत?"

"भिंत नाही हो, मिस्त्री, मापं," कारकून म्हणाला.

"भायर काय म्हणतले?"

बाहेर तेच म्हणाले. कचेरीतल्या शिपायाने वरळीच्या चौकीदाराला सांगितलं, चौकीदाराने सिमेंटवाल्याला, आणि महिन्याभरात आमच्या चाळीच्या नळावर एक बाई आईला विचारत होती, "तुमच्या ह्यांची भिंत कंडम निघाली म्हणे?" आईने कळशी अर्धीच भरली आणि ती घरी आली. माझ्याशी ती दोन दिवस बोलली नाही. निषेध इंग्रजीत गेला, कंडेम होऊन आला, मुंबईच्या मराठीत शिरला तो कंडम होऊन. माझं एकही पत्रक इतक्या वेगाने पसरलं नव्हतं.

मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. आधी मी नवं पत्र लिहिलं, इंग्रजीत, नाक मुठीत धरून: आमच्या म्हणण्याचा अर्थ एवढाच की पायाचं माप चुकलं आहे. उत्तर आलं की, माप-पुस्तकातला मजकूर खोडता येत नाही. बरोबरच आहे. पान फाडता येत नाही, मजकूर खोडता येत नाही, फक्त तीन फूट दगड गिळता येतो.

तपासणीला सहा महिने कोणी आलं नाही. कचेरीत गेले की शिपाई म्हणायचे, "आल्या निषेधबाई." कोणी स्टूल पुढे सरकवायचं नाही, पण नाव मात्र ठेवलं. मधेच हिशेबनिसाने वजावटीची यादी पाठवली. सरकारी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या परत करायच्या असतात. सहा कमी भरल्या. त्या सहा आईने पायपुसण्याला कापल्या होत्या. बाबा त्या दिवशी मात्र हसले. दारातल्या पायपुसण्याकडे बघून म्हणाले, "पाय पुसू नको गो. सरकारचा आसा."

शेवटी डेप्युटी इंजिनियर वरळीला आला. भिंतीवर छडी मारून बघितली, ओळंबा लावला, खालून वर आणि वरून खाली पाहिलं. "भिंत उत्तम आहे," तो म्हणाला. "कंडम कोण म्हणतं?"

"मीच," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे दुर्लक्ष केलं. त्याला फक्त पायाचं सांगता येईना. बाबांनी सांगितलं, आठ फूट. तो म्हणाला, पुरावा? तिथून टोपली घेऊन एक कोळीण चालली होती. काम चालू असताना ती रोज त्या वाटेने जायची. बाबांनी तिला हाक मारली. ती टोपली न उतरवताच म्हणाली, "खड्डा? माझा नवरा उभा ऱ्हायला असता न त्यात, तर टोपी पन दिसली नसती. लिव तुझ्या वहीत." डेप्युटी हसला. लिहिलं मात्र काही नाही. कोळणीच्या नवऱ्याची उंची हे सरकारी माप नव्हे.

"पाया उघडा करून बघता येईल," तो म्हणाला. "भिंतीलगत खड्डा घ्यायचा. पण त्याला वरून मंजुरी लागेल. तुम्ही अर्ज करा."

हा अर्ज मी जन्मात कुठलाच लिहिला नसेल इतका सांभाळून लिहिला. एक विशेषण नाही. घाम नाही, अपमान नाही, जनता नाही. तो लिहिताना मला स्वतःची घृणा आली, आणि तो लिहून झाल्यावर कळलं की हाच एक कागद मी नीट लिहिलाय. तो अर्ज टेबलामागून टेबल फिरत राहिला. तेवढ्यात बाबांना चालून आलेलं एक काम गेलं; परळला सरकारी गोदामाचं कुंपण होतं, पण दाखला नव्हता. दुसरं गेलं. बाबा पुन्हा जुन्या कंत्राटदाराकडे रोजावर जाऊ लागले. त्याने घेतलं, आणि दर वेळी नव्या माणसाला ओळख करून द्यायचा, "हे आमचे मिस्त्री. मधे ठेकेदार झाले होते." लोक हसायचे. बाबाही हसायचे. मला ते हसणं बघवायचं नाही.

आणि इकडे आमचं राज्य झालं. मी नाकारत नाही, त्या दिवशी मी नाचले. गिरगावात गुलाल उधळला, गळ्यात गळे घातले, मी रडले. तो कारकून भेटला, त्याने माझ्या हातावर पेढा ठेवला. "आता बघा, बाई! आता कचेरीत मराठी!" त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. मला त्याचा राग राग करता आला नाही. आजही नीट करता येत नाही, हे मला माझंच चुकल्यासारखं वाटतं.

त्यानंतर दोनेक महिन्यांत खणायची मंजुरी आली. दीड वर्षाने! मी तो कागद हातात घेऊन जिना दोन दोन पायऱ्यांनी चढले. बाबा जेवायला बसले होते.

"मंजुरी आली! खणायला सांगितलंय. आठ फूट दिसतील, लिहावेच लागतील."

"वाच बघू सगळा."

मी वाचलं. खड्डा ठेकेदाराने स्वखर्चाने, पायाच्या तळापर्यंत घ्यायचा. मापानंतर भरून द्यायचा. त्यानंतर भिंतीला तडा गेला किंवा ती कलली तर जबाबदारी ठेकेदाराची.

बाबांनी हातातला घास खाली ठेवला. "तळापर्यंत?"

"हो. त्याशिवाय आठ कसे दिसणार?"

"समुद्राच्या अंगाक?"

"आतल्या अंगाला दवाखान्याची गटारं आहेत. समुद्राकडूनच."

आई वाढायची थांबली. मग बाबा म्हणाले, "दगड बसलो की बसलो. भरती-ओहोटीन वाळू घट्ट धरल्यान असतली आता. मी उघडी केलंय तर पुन्हा ती पकड येवची नाय. कोण सांगात, पाच वर्सांनी, धा वर्सांनी..."

"पण बाबा, सिद्ध होईल! तुमचं खरं आहे हे सिद्ध होईल!"

"कोणाक?"

पत्रकात उत्तर सुचलं असतं. जनतेला, इतिहासाला, काहीही लिहिलं असतं.

"माझ्या भिंतीच्या पायाक मी पहार लावचंय नाय," ते म्हणाले. "कागदासाठी तर नायच नाय. ते तीन फूट समुद्राक जावंदेत."

मी भांडले. खूप भांडले, लाज वाटावी इतकी. म्हटलं, तुम्ही घाबरता. म्हटलं, तुमच्यासारख्यांमुळेच हे माजतात. म्हटलं, दीड वर्ष मी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या ते कशाला? तेव्हा त्यांनी पहिल्यांदा आणि शेवटचं मला बोलून दाखवलं. आवाज चढवला नाही. "तू झिजवलंस तां खरा, बाय. पन पयलो दगड तूच काढलंस."

दुसऱ्या दिवशी ते रोजावर गेले नाहीत. माझ्याबरोबर कोटात आले. कारकुनाला म्हणाले, पाच फूट मान्य, आता बिल काढा.

कारकून सरळ होऊन बसला. त्याला आनंदच झाला. त्याच्या कपाटातली सगळ्यात जुनी फाइल मिटत होती. "शहाणे आहात, मिस्त्री. मग एक ना-येणे दाखला द्यावा लागेल. शेवटचं बिल त्याशिवाय निघत नाही." त्याने खणातून सायक्लोस्टाइल केलेला एक कागद काढला आणि पुढे करताना त्याचे डोळे चमकले. "हा बघा. मराठीत! अजून वरून हुकूम नाही, पण मी म्हटलं, वाट कशाला बघायची? घरी बसून भाषांतर केलं. तुमच्यापासूनच सुरुवात."

मी हात पुढे केला, नेहमीसारखा, वाचून दाखवायला. बाबांनी कागद माझ्या हातून घेतला.

"वाचूक येता माका."

येत होतं. मराठी तेवढं येत होतं. इतकी वर्षं सरकारचा एकही कागद त्यांना स्वतःला वाचता आला नव्हता. टेंडर मी वाचलं, करार मी वाचला, लाल शाईतला कंडेम मी वाचला. हा पहिला. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवलं आणि एकेक शब्द मोठ्याने वाचला, आजूबाजूच्या टेबलांना ऐकू जाईल असा.

"मी खाली सही करणार असे लिहून देतो की... सदर कामाबाबत... माझे सरकारकडे... आता कोणत्याही प्रकारचे... येणे... राहिलेले नाही."

"कसं वाटतंय?" कारकुनाने विचारलं. खरंच विचारलं. कौतुकाची वाट बघत होता.

"बरा लिवलास," बाबा म्हणाले. "समजता."

मी पेन उघडलं. मला आता शब्द येत होते. निषेध नाही, घाम नाही, फक्त 'हरकत राखून' हे दोन शब्द, कारकुनाला भाषांतर करता येईल आणि ते साहेबांनाही कळेल असे. मी सहीच्या जागेवर पेन टेकवलं आणि 'हरकत रा' इथवर लिहिलं असेल, तोच कारकुनाने माझा हात धरला.

"अहो बाई, अहो! या कागदावर काही लिहायचं नसतं. इथे नुसती सही."

त्याने नवा कागद काढला. त्याच्याकडे गठ्ठा होता. बाबांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, मला थोडं बाजूला केलं, आणि ओळंब्यात लावल्यासारखं एकेक अक्षर बसवत सही केली.

पाच फुटांचं बिल निघालं, दाखला मिळाला. काम समाधानकारक, इंग्रजीत. टेंडर भरायची मुदत तोवर दोनदा उलटून गेली होती आणि संपलेली नोंदणी नव्याने करायला अनामत लागत होती. बाबांनी केली नाही. ते अजून रोजावर जातात.

वरळीला माझं जाणं होतं. भिंत उभी आहे. परवा तिच्यावर कोणीतरी पत्रक चिकटवलं होतं, पिवळ्या कागदाचं, तिसऱ्या ओळीत जाहीर निषेध. कशाचा ते मी वाचलं नाही. नखांनी खरवडून काढलं. खळ घट्ट होती, वेळ लागला.